दलाल व्हायचं की मालक?

आमच्या डोंगरावर एक गंमत आहे. जमिनीचा व्यवहार जुळवून देणाऱ्याला सगळे 'दलाल' म्हणतात, तेही तोंड जरा वाकडं करून. आणि त्याच व्यवहारात जमीन घेऊन, तिला तारेचं कुंपण घालून, फाटकाला कुलूप लावून जो मुंबईला निघून जातो आणि पुढची दहा वर्षं गाडीतून खाली न उतरता ती बघून जातो, त्याला मात्र 'गुंतवणूकदार' म्हणतात. लग्नकार्यात त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतात. मला हे कधीच पटलेलं नाही. आज त्यावरच लिहायचं आहे. भावकीतल्या काही मंडळींना राग येईल. येऊ दे. त्या निमित्ताने फोन तरी करतील.

निमित्त झालं आमच्या भाचेबुवांचं. पुण्यातली नोकरी त्याने सोडली (सुटली म्हणा हवं तर), आणि हाताशी तीसेक लाख रुपये आहेत. त्यातले निम्मे त्याच्या वडिलांच्या निवृत्तीचे, हे इथे मुद्दाम लिहितो कारण तो स्वतः ते सांगत नाही. त्याने विचारलं, "मामा, महाबळेश्वरला प्रॉपर्टी एजंट म्हणून बसू, का तेच पैसे जमिनीत घालून ठेवू? का दोन्ही करू? तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कळतं."

बँकेत होतो म्हणजे काय, तर तीस वर्षं कर्जाच्या फायलींत डोकं घालून बसलो होतो. त्यामुळे सात-बारा दिसला की मी आधी उजवीकडचा 'इतर हक्क' रकाना वाचतो, मग मालकाचं नाव. ही सवय आता जायची नाही. बायको म्हणते, लग्नपत्रिकासुद्धा तुम्ही उजवीकडून वाचता.

तर भाच्याला दिलेलं उत्तर इथे जरा विस्ताराने. एजंट हो. जमीन घेऊन ठेवू नकोस. आणि दोन्ही तर अजिबात करू नकोस. हे 'दोन्ही' करणाऱ्या लोकांनीच आमच्या तालुक्याची वाट लावली आहे. पण त्याच्याकडे नंतर येतो, आधी गुंतवणूक.

'जमिनीचे भाव कधी खाली येत नाहीत' हे वाक्य आमच्याकडे 'श्री गणेशाय नमः'सारखं म्हणतात. त्यापुढे कोणी आकडेमोड करत नाही. आपण करू. समजा, तीस लाखांचा प्लॉट घेतला. मुद्रांक शुल्क दीड लाखाच्या वर, नोंदणी फी तीस हजार, दलाली दोन टक्के म्हणजे साठ हजार. वकील, सर्च, मोजणी, कुंपण मिळून आणखी दीडेक लाख. झाले चौतीस. हे चौतीस लाख सात टक्क्यांनी बँकेत पडून राहिले असते तर दहा वर्षांत सदुसष्टच्या आसपास गेले असते. व्याजावर कर लागतो, मान्य. पण बिनशेती प्लॉट विकतानाही नफ्यावर कर आहेच. जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के, आणि त्या तारखेनंतर घेतलेल्याला महागाईची वजावटही नाही. (शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर असेल तर हा कर लागत नाही. पण ती कोण घेऊ शकतो ते पुढे येतंच आहे.) विकताना पुन्हा दलाली. म्हणजे त्या प्लॉटला दहा वर्षांनी सत्तर-पंचाहत्तर लाख आले, तर भाचा फक्त जागच्या जागी राहील. त्या दहा वर्षांत आमच्या पावसाने कुंपणाचे खांब किती वेळा झोपवले त्याचा हिशोब मी धरलेला नाही. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या माणसाला हा आकडा कळत नाही, त्याला छत्री कळते.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कागद. शेतजमीन घ्यायची तर घेणारा कायद्याने शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३. भाचा आहे शेतकरी, त्याच्या वडिलांच्या नावावर खातं आहे. पण उद्या विकताना गिऱ्हाईकही शेतकरीच शोधावं लागणार, म्हणजे निम्मी मुंबई तिथेच गळाली. जमीन वर्ग दोनची असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याची नोंद कुठल्या तरी जुन्या फेरफारात दडलेली असेल तर जमीन तुमची का वनखात्याची हे ठरायला एक पिढी जाते. बाजारपेठेच्या आजूबाजूचे कित्येक जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत, तिथे 'मालक' या शब्दालाच फारसा अर्थ नाही.

आणि या सगळ्यावर इको-सेन्सिटिव्ह झोन. केंद्र सरकारची १७ जानेवारी २००१ ची अधिसूचना. तिच्यात महाबळेश्वर तालुका आला, शेजारच्या जावळीतली काही गावंही आली. झाड तोडणं, डोंगर फोडणं, तीव्र उतारावर बांधणं, सगळ्यावर बंधनं. मला ती बंधनं हवी आहेत, हे स्पष्टच लिहितो. पण जो माणूस 'व्ह्यू' बघून उतारावरचा प्लॉट घेतो त्याला हे कोणी सांगत नाही. व्ह्यू असतो तिथे उतार असतोच की हो! सपाटीवरून दरी कशी दिसेल?

मग आमच्याकडे 'फार्महाऊस प्लॉट' नावाचा प्रकार निघाला. एक एकर घ्यायची, कागदावर रेघोट्या मारून तिचे दहा तुकडे पाडायचे आणि दहा जणांना विकायचे. तुकडेबंदी १९४७ पासून आहे, त्यामुळे वेगळे सात-बारे होत नाहीत. मग दहाही जण एकाच सात-बाऱ्यावर सामाईक. नवऱ्याला वाटतं आपला प्लॉट कोपऱ्यातला, बायकोला वाटतं रस्त्यालगतचा, आणि तलाठ्याच्या दप्तरात कुठलाच प्लॉट नाही, फक्त दहा नावं आहेत. असला सात-बारा तारण म्हणून आला की मी फाईल परत करायचो. समोरचा माणूस म्हणायचा, "अहो साहेब, सगळ्यांनी घेतलंय." घेतलं असेल.

हे झालं घेणाऱ्याच्या बाजूने. आता गावाच्या बाजूने बघा.

कुलूप लावलेल्या जमिनीत स्ट्रॉबेरी येत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते काही फलकांवर लावायला नाही, या मातीत आणि या हवेत ती येते म्हणून मिळालं. ऑगस्ट-सप्टेंबरात लावणी, दिवाळीनंतर पहिली फळं, एप्रिलपर्यंत तोडणी. एवढ्या महिन्यांत एका एकरावर किती बायकांच्या हाताला काम असतं ते भिलारला किंवा मेटगुताडला जाऊन बघा. तेच रान गुंतवणूकदाराने घेतलं की तिथे एक वॉचमन. त्याला वर्षभराचा पगार असतो म्हणतात, आणि तो बहुतेक वेळा जमीन विकलेल्या शेतकऱ्याचाच मुलगा असतो. मला हे लिहितानासुद्धा त्रास होतो. बापाच्या रानावर पोरगा पहारेकरी, आणि आपण त्याला 'रोजगारनिर्मिती' म्हणायचं!

इथला जमिनीचा पहिला प्रसिद्ध व्यवहार निदान अदलाबदलीचा तरी होता. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा डोंगर घेतला तो वाईजवळचं खंडाळा गाव देऊन. राजाला गाव मिळालं, साहेबाला थंडी मिळाली. त्याच्या नावाने माल्कमपेठ वसली, आणि पेठेत माणसं राहायला आली. आताच्या व्यवहारांत जमीन जाते आणि माणसं येत नाहीत.

कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीचं प्रकरण २०२४ मध्ये सगळ्यांनी वाचलं असेल. कोयनेच्या पाण्यापायी विस्कटलेला सगळा हा भाग. परराज्यात नेमणुकीला असलेला एक बडा सरकारी अधिकारी, त्याचे नातेवाईक आणि इतर अशांनी मिळून तिथे सहाशे वीस एकर जमीन घेतल्याचा आरोप झाला, राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली, जिल्ह्यात कमाल जमीन धारणेच्या सुनावण्या लागल्या. १९६१ च्या त्या कायद्याने एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन फार तर चोपन्न एकर ठेवता येते. आरोपांचं काय ते संबंधित कार्यालयं ठरवतील, मी न्यायाधीश नाही. मला एवढंच विचारायचं आहे की सहाशे वीस एकरांचे कागद कोणी गोळा केले? दूर जाऊन राहिलेल्या खातेदारांना कोणी शोधलं? कुठलाही अधिकारी डोंगर चढून घरोघर जात नाही. जाणारा दुसराच कोणी तरी असतो. तो नुसता दलाल असतो का मालकांतला एक, यावर सगळं अवलंबून आहे.

तर आता 'दोन्ही'कडे.

नुसत्या एजंटचं काम साधं आहे. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालायची, दोघांना खरी किंमत सांगायची, कागद तपासायला लावायचे, दोघांकडून ठरलेली टक्केवारी घ्यायची. पण जो स्वतःही जमिनी घेतो त्याचं काम वेगळं. गावातल्या म्हाताऱ्याकडे जायचं, लाखभर इसार द्यायचा, सहा महिन्यांची मुदत घालून साठेखत करून ठेवायचं. मग मुंबईची पार्टी शोधायची आणि तिला दुप्पट भाव सांगायचा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एकाच दिवशी खरेदीखत होतं : लिहून देणार म्हातारा, लिहून घेणार मुंबईकर, आणि मध्ये 'मान्यता देणार' म्हणून आमचे हे एजंट. मधला पैसा मान्यता देणाराचा. कितीकदा म्हाताऱ्याला आपल्या रानाची किंमत तिथे टेबलावर, आकडा मोठ्याने वाचल्यावर कळते. आमच्याच भावकीत हे एकदा झालं आहे. नावं घेत नाही. म्हातारीने अंगठा दिला, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "मग माझं रान एवढ्याचं हुतं व्हय?" तिला त्यातला निम्मादेखील मिळाला नव्हता.

यात बेकायदा काय, असं भाचा विचारेल. फारसं काही नाही. तोच तर घोळ आहे. ज्याला दोन्हीकडच्या गोष्टी कळतात तोच तिसरा गिऱ्हाईक असतो. चांगलं पाण्याचं, रस्त्याचं, निर्वेध कागदाचं रान तो स्वतःला ठेवतो. वादाचं, सामाईक, वर्ग दोनचं ते तुमच्या-माझ्या गळ्यात. डॉक्टरनेच औषधाचं दुकान काढलं की काय होतं ते आपण सगळे जाणतोच.

आणि भाव फुगवायला घोषणा असतातच. २०१९ मध्ये सरकारने रस्ते विकास महामंडळाला 'नवीन महाबळेश्वर'साठी नियोजन प्राधिकरण नेमलं. आधी २३५ गावं, पुढे ती संख्या पाचशेच्या वर गेली. आराखडा यायच्या आधीच तापोळा-बामणोलीकडच्या रस्त्यांवर 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड आले. पत्र्याला गंज लागायच्या आत भाव बदलत होते. ज्यांनी आधी इसार देऊन ठेवले होते ते 'दोन्ही' करणारेच होते.

"मामा, पण एजंट तरी काय, शेवटी गाव विकायलाच मदत करणार ना?" हा प्रश्न त्याने विचारला आणि मला बरं वाटलं. बरोबर आहे. पण माणसं जमीन हौसेने विकत नाहीत. दवाखाना असतो, पोरीचं लग्न असतं, सोसायटीचं कर्ज असतं, चार भावांचं पटत नसतं. विकायची वेळ आलीच तर त्या माणसाच्या बाजूला कोणी तरी बसलेलं असावं, ज्याचा स्वतःचा त्या रानावर डोळा नाही. अशा एजंटला मी खुशाल नमस्कार करेन. आणि तोच कधी कधी म्हणू शकतो, "काका, सगळं नका विकू, खालचं दहा गुंठे काढा, कर्ज फिटतंय तेवढ्यात." गुंतवणूकदार हे म्हणणार नाही, त्याला सलग तुकडा हवा असतो.

या धंद्यात कष्ट आहेत. लोकांना वाटतं चहा पिऊन टक्केवारी घेतात. पाणंद कुणाच्या बांधावरून जाते, झऱ्याचं पाणी कोणाच्या वहिवाटीत, चतुःसीमा कागदावर एक आणि रानात एक, हे पायाने हिंडल्याशिवाय कळत नाही. सगळ्यांत अवघड काम बहिणींचं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलासुरला संशयही मिटवला. तरी आमच्याकडे भाऊ सह्या करून मोकळे होतात आणि लालबागला किंवा नवी मुंबईला दिलेल्या बहिणीला पेपरातल्या नोटिशीवरून कळतं. चांगला एजंट आधी तिच्याकडे जातो. चहा मिळतो, शिव्याही मिळतात. पण व्यवहार पुढे कोर्टात जात नाही.

भाच्याने नोंदणी मात्र करावी. रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे मे २०१७ पासून पूर्ण लागू. नोंदणी पाच वर्षांची, आणि २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. हे ऐकून स्टँडजवळच्या टपरीवरचे आमचे काही जुने एजंट फार हसले होते. त्यांचं हसणं मला कळतं. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या जागेचे प्लॉट पाडून विकले तर तो प्रकल्प, तिथे रेरा. पण एका शेतकऱ्याचं एक रान एका माणसाला विकलं तर रेराचा काही संबंध नाही. म्हणजे जिथे फसवणूक सगळ्यांत सोपी, तिथेच ना नोंदणी ना परीक्षा. व्यवहारातल्या मध्यस्थाने 'मान्यता देणार' म्हणून सही करायची तर त्याने स्वतः किती दिले आणि किती घेतले हे खरेदीखतातच लिहिण्याची सक्ती करा, निम्मा धंदा उद्या बंद होईल. ही माझी मागणी आहे. कोणी आमदार-बिमदार वाचत असतील तर बघा बुवा. (वाचत नाहीत, मला माहीत आहे. वाचतात ते आमचे नेहमीचे आठ-दहा ब्लॉगर मित्र आणि कोल्हापूरची मावशी.)

कमाईचं विचाराल तर पहिली दोन वर्षं भाच्याने उपासाची धरावीत. पावसाळ्याचे चार महिने इथे गिऱ्हाईक फिरकत नाही, धुक्यात जमीनच दिसत नाही तर घेणार काय! वर्षात तीन-चार व्यवहार नीट झाले तर पुण्याच्या पगाराइतकं नाही, पण घर चालेल. वडिलांचे पंधरा लाख बँकेत राहू दे, त्यांना हात लावू नये. ऑफिसला खोली भाड्याने घ्यावी, गाळा विकत घेऊ नये. आणि एक वही ठेवावी, तिच्यात आपण जुळवलेल्या प्रत्येक व्यवहाराची तारीख, विकणाऱ्याला मिळालेला आकडा आणि आपली दलाली. मागेल त्याला दाखवायची. हा त्याचा बोर्ड.

तरीही जमीनच घ्यायची खुमखुमी असेल तर घे बाबा. पण मग नांगर धर. वाईचा किंवा जावळीचा अर्धा एकर घे, विहीर बघ, पहाटे उठ, आणि रोप मेलं की मला फोन करून रड. त्याला मी गुंतवणूक म्हणत नाही, शेती म्हणतो. तिच्या विरोधात माझं काही नाही.

जाता जाता घरच्यांसाठी. आपल्या वरच्या रानाबद्दल गेल्या पंधरा दिवसांत तीन चुलतभावांचे फोन आले की कोणी तरी 'चांगली पार्टी' आणली आहे आणि इसार घ्यायला हवा. मोजणीचा अर्ज मी दिला आहे, तारीख आली की कळवतो. दोन्ही आत्यांशी बोललो, धाकट्या आत्याला विकायचं नाही आणि तो तिचा हक्क आहे. तोवर कोणी कसल्याही कागदावर सही करू नये, कोऱ्या तर नाहीच नाही. आणि तो गृहस्थ पुन्हा आला तर त्याला चहा द्या, बसवा, आणि पार्टीचं नाव-गाव विचारा. दोनदा विचारूनही सांगितलं नाही तर मला फोन लावून द्या, मी बोलतो त्याच्याशी.